डोमाच्या राजाची उडी

एकाहत्तरचा पावसाळा सरत आला होता. आमची कंपनी नागपुरात होती. सरहद्दीवर गडबड, म्हणून रजा बंद. शहरातल्या सदर भागात एका हॉलमध्ये युनिटांची बुद्धिबळ टूर्नामेंट लागली. सीओ साहेब म्हणाले, "जो जीतेगा, वो घर जाएगा."

लान्स नायक डोमा माझ्या शेजारच्या खाटेवर. यवतमाळकडचा. मुलगी झाल्याची तार आली होती, त्यानं तिला पाहिलं नव्हतं. कप कोणाला पाहिजे होता? त्याला रजा पाहिजे होती.

फायनलला समोर सिग्नल्सचे कॅप्टन. त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. डोमानं एकच. पुढचंही एकच. गावाकडं प्यादं एकच घर चालतं. नियम त्याला ठाऊक होते, पण हात गावचा.

कॅप्टन हसले. "जवान, सो रहे हो?"

"नहीं साब. जाग रहा हूं."

साहेबांचे घोडे, उंट धावून आले आणि डोमाच्या प्याद्यांत अडकले. एक घोडा फुकट गेला. मी मागं उभा. डोमा वळून हळूच म्हणाला, "काहून घाबरून राहिला गा? पोरीच्या पाळण्यावर टांगाले चिमण्या घेऊ का पोपट, ते सांग."

मग साहेबांचा वजीर राजाच्या अंगावर आला. शह अजून नव्हता. डोमानं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं पलीकडं ठेवला. गावाकडच्या खेळात शह बसायच्या आधी राजाला अशी एक उडी असते. टूर्नामेंटमध्ये नसते.

अंपायर म्हणाले, "राजा वापस. छुआ है, तो राजा ही चलेगा."

एकच घर मोकळं होतं, तेही उघड्यावर. राजा तिथं गेला. थोड्या चालींत मात झाली.

डोमानं सॅल्यूट ठोकला. रजा कॅप्टन साहेबांना मिळाली.

डिसेंबरात पूर्वेकडं, एका पुलाजवळ, मशीनगनचा बर्स्ट डोमाच्या छातीत लागला. मी बाजूच्याच खंदकात होतो. तो जागीच गेला.

लढाई संपल्यावर मी बायकोला घेऊन त्याच्या गावी गेलो. डोमाच्या बायकोनं विचारलं, "भाऊजी, डाव हरलो म्हून पत्र आलं होतं. काहून हरले ते?"

मी उडीचं सांगितलं.

ती म्हणाली, "तो तं आमचा घरचा खेळ. तशीच उडी मारून मलेच हरवत होते."

माझ्या बायकोनं पोरगी मांडीवर घेतली. निघेपर्यंत खाली ठेवली नाही.

बायको मागच्या वर्षी गेली. डोमाची ती पोरगी नागपुरात सक्करदऱ्याला माझ्या घरी आली, तेरवीपर्यंत राहिली. सारं घर तिनंच सांभाळलं. कपाळ डोमाचं, चालणंही डोमाचंच. त्यानं तिला एकदाही पाहिलं नाही. पण भर बाजारात समोर आली असती, तरी ओळखली असती त्यानं.