भोक पाडण्याआधीची परवानगी

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात राहणाऱ्या व्हर्लिन स्टट्सच्या शेळ्यांवर कोल्ह्यांचा डोळा असायचा. त्यात त्याची बायको इमोजीन अंथरुणाला खिळलेली. कुंपणाशी त्याने बंदूक झाडली की ती आत दचकून उठायची, आणि मग दिवसभर तिची धाप थांबायची नाही.

"नको झाडूस रे," ती म्हणाली. "नेली शेळी तर नेऊ दे."

त्याने टपालाने एक जाड नळी मागवली. साफ करताना ती बंदुकीच्या तोंडाला लावायची, म्हणजे आत ओतलेलं सफाईचं औषध नळीतल्या वाट्यांमध्ये साठतं. बंदुका विकणारा त्याचा मित्र डॉयल ती बघून म्हणाला, "साफसफाईलाच ना?"

"वाट्यांना भोकं पाडली तर आवाज कमी होतो म्हणतात."

"होतो. गोळीमागचा तापलेला वायू एकदम बाहेर फुटतो, त्याचाच तो दणका. कप्प्यांत तो पसरतो, निवतो, हळूहळू निघतो. अगदी मुकी नाही होत बंदूक, गोळीचा फटकारा राहतोच. पण भोक पाडलंस की झाला तो सप्रेसर! सरकारची परवानगी आधी, भोक नंतर. उलटं केलंस तर गुन्हा."

"परवानगी कधी येते?"

"येईल तेव्हा येईल."

"तिच्याकडे तेवढे दिवस नाहीत, डॉयल."

व्हर्लिनने भोकं पाडली. त्या पानगळीत त्याने दोन कोल्हे मारले. इमोजीनची झोप मोडली नाही. नाताळाआधी ती गेली.

वसंतात दोन सरकारी अधिकारी दारात आले. टपालाने नळ्या विकणारा पकडला गेला होता, आता गिऱ्हाइकांकडे चौकशी चालली होती. "साफसफाईला वापरता ना?" त्यांनी विचारलं. हो म्हणणं सोपं होतं. व्हर्लिन आत गेला आणि नळी आणून त्यांच्या हातात दिली.

"अरे मूर्खा, वकील येईपर्यंत तोंड बंद ठेवायचंस!" डॉयल नंतर ओरडला.

"लपवायचा कंटाळा आला होता रे."

न्यायाधीशांनी तुरुंगात धाडलं नाही, पण असा गुन्हा शाबित झालेल्याला जन्मभर बंदूक ठेवता येत नाही. वडिलांची रायफलसुद्धा डॉयलच घेऊन गेला. कोल्हे निर्धास्त झाले. व्हर्लिन पातेलं बडवत बाहेर धावायचा. तोवर एखादी शेळी गेलेली असायची. उरलेल्या त्याने शेवटी विकून टाकल्या.

"एखादा कुत्रा तरी पाळ," डॉयल म्हणाला.

"कशाची राखण करायला?" व्हर्लिनने विचारलं, आणि कॉफी गरम करायला आत गेला.