बुरशीच्या मॅडम

ताजा पाव बघून खट्टू होणारी मी पाहिलेली एकच बाई म्हणजे आमच्या मॅडम. लवळ्याच्या टेकडीवरच्या विद्यापीठात त्या बुरशीवर संशोधन करायच्या आणि मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. कॅन्टीनमध्ये मिसळ आली की त्या आधी पाव उलटा करून बघायच्या, "काहीच नाही गं," म्हणून सुस्कारा टाकायच्या आणि मगच खायच्या. शेजारच्या टेबलावरची मुलं आपापले पाव हळूच उलटे करायची.

वर्गात मॅडमचं मराठी इस्त्री केलेलं असे. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मात्र त्यांच्यातली घोटावडे गावची मुलगी बोलू लागे. बुरशीच्या दोन कोवळ्या पेशी एकमेकींची चाहूल घेत, वळत वळत जवळ येतात. भिडल्या की मधली भिंत विरघळते. मग उरतात ती दोघींची पातळ आवरणं. तीही एक झाली, की आतलं सगळं मिसळून जातं. "आली बघ, आली! आता लाजतीया कशाला?" मॅडम ओरडायच्या, मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालू असावा तशा. नवीन माणूस दचकायचा. आम्ही सरावलो होतो.

आमच्याकडे एक हट्टी वाण होता. त्यातलं एक जनुक काढून टाकलेलं होतं. त्याच्या पेशी जवळ यायच्या, भिंतही विरघळायची, पण कित्येक जोड्यांची आवरणं नुसतीच चिकटून राहायची आणि काही जोड्या तर चक्क फुटायच्या. त्या आपल्या मायक्रोस्कोपच्या दिव्याच्या झोतानं फुटतात, असं मॅडमचं ठाम मत. "त्यांना वेळ द्या, अंधार द्या, सगळ्या एक होतील," असं त्या प्रत्येक व्याख्यानात सांगत. ते सिद्ध करायचं काम माझ्याकडे आलं.

मी उजेड अगदी मंद केला. पुढे तर दिवा बंदच ठेवला आणि शेवटी एकदाच बघितलं. पेशी तेवढ्याच फुटत होत्या. आणि जनुक शाबूत असलेली साधी बुरशी त्याच दिव्याखाली सुखानं नांदत होती.

फिल्म घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेले. माझी पदवी त्यांच्याच हातात होती. त्यांनी फिल्म पाहिली, पुन्हा लावायला सांगितली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "म्हंजी मीच खोटी पडले की गं." आणि मला न बोलावता चहाला निघून गेल्या. असं आधी कधीच झालं नव्हतं.

परत आल्या त्या पदरावर चहा सांडून, पण चेहरा उजळलेला. "अगं, त्या फुटतात कधी? आवरणं एक व्हायच्या वेळेलाच ना? म्हंजी त्या गप बसलेल्या न्हाईत! मिसळायला जातात आन् त्यातच फाटतात!" फिल्म माझी होती, पण हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

पुढच्या व्याख्यानात त्यांनी सुरुवातीलाच ती फिल्म लावली. "इतकी वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगत आले. हिनं मला खोटं पाडलं," म्हणाल्या आणि मला उभं केलं. त्यांच्याशी कायम वाद घालणारे एक सर पुढच्या रांगेत मोठ्यानं हसले. "हसा सर," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला अशी विद्यार्थिनी अजून मिळायची आहे."

तेव्हापासून माझी ओळख हीच. पाहुणे असोत, भाजीवाली असो, "ही माझी विद्यार्थिनी, हिनं मला खोटं पाडलं." एक रिक्षावाला तर वाटभर आरशातून माझ्याकडे संशयानं बघत होता.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. मी नोकरीला बंगळुरूला होते; तिथून निघाले ती थेट घोटावड्याला, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला पोचले. बुद्धवंदना चालू होती. ओळखीचं कुणी दिसेना, म्हणून मांडवाच्या कडेला उभी राहिले. वंदना संपल्यावर पांढऱ्या साडीतली एक म्हातारी बाई जवळ आली. चेहरा थेट मॅडमचाच; त्यांची थोरली बहीण. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून तिनं विचारलं, "आमच्या बेबीला खोटं पाडलं ती तूच व्हय?"

मी मान हलवली.

"मग हितं कडंला का हुबी?" म्हणत तिनं माझा हात धरला आणि पुढं, घरच्या माणसांत नेऊन बसवलं.