मोठ्याने मागितलेली माफी

पन्नाशी उलटल्यावर मी पोहायला शिकलो. कंबरदुखीवर डॉक्टरांनी तोच उपाय सांगितला, म्हणून दादरच्या तलावावर सकाळच्या बॅचला नाव घातलं. तिसऱ्या दिवशी छातीएवढ्या पाण्यात कठडा घट्ट धरून मी शिक्षकांना विनवत होतो, "सर, मला सोडू नका हं!" शेजारी टोपी आणि गॉगल घातलेली एक बाई पाय मारत होती. ती थांबली, गॉगल कपाळावर चढवला आणि म्हणाली, "आवाज तोच. घाबरणंही तेच."

मी तिला चोवीस वर्षांनी पाहत होतो.

तेव्हा आमचं लग्न ठरलं होतं. मी लालबागचा, मालवणी घरातला. वडील गिरणीत होते. ती गिरगावची, तिचे वडील सरकारी कचेरीत. एकाच ऑफिसात काम करता करता आमचं जुळलं. दोन्ही घरं कबूल झाली होती, पण ऐनवेळी माझ्या आईचं मन फिरलं. जात आडवी आली. "ती या घरात आली तर मी गावाला निघून जाईन," म्हणाली आणि दोन दिवस जेवली नाही. मी हरलो. त्याहून वाईट म्हणजे हे सांगायला स्वतः गेलोसुद्धा नाही. थोरल्या भावाला गिरगावला पाठवलं आणि नोकरी बदलली. पुढे आईच्या पसंतीने लग्न केलं, ते तीन वर्षांत मोडलं. त्या मुलीशीही मी धड वागलो नाही, हे कबूल करायला हवं.

तलावाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तिचे केस ओलेच होते.

"लग्न नाही केलंस?" मी विचारलं.

"नाही. लगेच फुगू नकोस, तुझ्यासाठी नव्हे. आलेली स्थळं पटली नाहीत. मग आई गेली, बाबांजवळ राहिले. बरी आहे मी."

"माझं चुकलं."

"ते मला माहीत आहे." ती कपाकडे बघत राहिली. "त्या दिवशी तू येणार म्हणून मी साबुदाण्याचे वडे तळले होते. दार उघडलं तर तुझा भाऊ. अरे, नकार दिला असतास तरी चाललं असतं. पण तू यायला हवं होतंस."

मी टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले.

नंतर दोन महिने ती यायची, मान हलवायची, पोहून निघून जायची. मी तरंगायला शिकलो. एके दिवशी पायऱ्या चढताना म्हणाली, "रविवारी घरी ये. तेव्हा बाबांना जे सांगायचं होतंस, ते आता सांग."

गेलो. तीच चाळ, तिसरा मजला. तिचे वडील पंचाऐंशीच्या पुढचे, दारापाशी खुर्ची टाकून बसलेले. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "काका, माझं चुकलं."

"चुकलास? अरे, हीच खोली."

त्यांना कमी ऐकू येतं, हे तिने मला सांगितलंच नव्हतं. मी आवाज चढवला. त्यांनी कानामागे हात धरला. शेवटी मी अक्षरशः ओरडलो, "चोवीस वर्षांपूर्वी मी तुमच्या मुलीशी ठरलेलं लग्न मोडलं आणि सांगायला स्वतः आलो नाही! भ्यालो होतो! मला माफ करा!"

शेजारचा टीव्ही बंद झाला. गॅलरीत चार दारं उघडली. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

काकांनी कानामागचा हात खाली घेतला. म्हणाले, "तुझा भाऊ आला होता. त्याला पाणी दिलं, तर प्यायला नाही. माझ्या पाया पडून गेला. आम्हाला तुझा राग तरी करता आला. त्याने काय केलं होतं? त्याची माफी मागितलीस?"

नव्हती मागितली. मनातसुद्धा आलं नव्हतं.

तसाच करी रोडला भावाकडे गेलो. तो पेपर वाचत होता. "दादा, त्या दिवशी तुला पाठवायला नको होतं मी."

त्याने पेपर खाली ठेवला. "माका वाटला, तू इसारलंस." चष्मा काढून पुसला. मग वहिनीला हाक मारून म्हणाला, "ह्यो जेवान जातलो हां." वहिनीने माझंही ताट वाढलं.

त्यानंतर पोहून झालं की ती माझ्याबरोबर चहाला थांबू लागली. वर्षभराने आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. माझी आई तोवर राहिली नव्हती. साक्षीदार म्हणून दादाने सही केली आणि काका टॅक्सीने आले. पुढची दोन वर्षं मी गिरगावच्या त्या खोलीत काकांना रोज पेपर मोठ्याने वाचून दाखवला, त्यांची नखं कापली. मी त्यांचा मुलगा असतो तर जे केलं असतं, ते त्यांनी मला करू दिलं. एवढं कुणी कुणाला देत नाही.

काका गेल्यानंतर एकदा मेथी निवडताना मी तिला विचारलं, "मला खरंच माफ केलंस का गं?"

तिने जरा विचार केला. "थोडं केलंय, थोडं राहिलंय. घाई आहे का तुला?"

नाही म्हटलं, आणि मेथीची दुसरी जुडी पुढ्यात ओढली.