माधुरी नव्हे, जानकी. फळा नव्हे, पाटी

सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी माधुरी घाडीगावकर स्टुलावर उभी राहून भिंतीवरचा भाज्यांचा तक्ता उतरवत होती. खालचे दोन खिळे निघाले, वरचा गंजून भिंतीत बसला होता. तिने तक्ता ओढला. अर्धा दुधी भोपळा भिंतीवरच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, स्टूल सरकवलं आणि प्राण्यांचा तक्ता काढायला घेतला.

नाहूरच्या पिंपळवाडीतल्या समाजकल्याण केंद्राच्या या खोलीत ती सोळा वर्षं बालवाडी चालवत होती. पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात एक नळ, तीस-बत्तीस मुलं. खोली महापालिकेच्या जागेवर, बांधलेली माजी नगरसेवकांच्या निधीतून. त्यामुळे किल्ली कोणाकडे असावी हे तेच ठरवत. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की इथे व्यायामशाळा करायची. वस्तीतली मोठी पोरं ती मागत होती हे खरं. बालवाडीला दुसरी जागा नव्हती हेही खरं. ते कोणी नाकारलं नाही आणि कोणी मनावरही घेतलं नाही.

निवडणुकीची कल्पना तिची नव्हती, नवऱ्याची होती. चंद्रप्रकाश भांडुपला एका कुरिअर कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहे आणि संध्याकाळी उपनगर हक्क पक्षाचा शाखाप्रमुख. पक्षाची शाखा म्हणजे एक फलक, एक प्लास्टिकचं टेबल आणि किरण नावाचा एक उत्साही रिक्षावाला. मग वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. बॅनरसाठी चंद्रप्रकाशने स्वतःचा फोटो आधीच काढून ठेवला होता. त्या संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला.

"उभी राहा तू."

"मी? कोण निवडून देणार मला?"

"निवडून कोणाला यायचंय गं? हजार मतं घ्यायची. आपल्या वॉर्डात दोन मोठ्या पक्षांचे उमेदवार सातशे-आठशेच्या फरकाने लढतात. हजारवाल्याला दोघेही घरी येऊन नमस्कार करतात."

"आणि खोली?"

"हजार मतांच्या बाईची खोली काढून घ्यायची कोणाची टाप आहे?"

तिने हिशेब केला. सोळा वर्षांत तिच्या हाताखालून गेलेली मुलं, त्यांच्या आया, बाप, आज्या. हजार अवघड वाटले नाहीत. ती हो म्हणाली.

इथे नावाचं सांगायला हवं. तिचं माहेर पिंपळवाडीच्या तिसऱ्या गल्लीत, सासर पहिल्या गल्लीत. लग्नात ताटात तांदूळ पसरून, रीतीप्रमाणे, तिचं नवं नाव अंगठीने लिहिलं गेलं: जानकी. नाव सासऱ्यांनी निवडलं होतं. ते कणकवलीकडचे, गिरणीत आयुष्य गेलेले, घरात त्यांचा शब्द शेवटचा. रेशनकार्डावर जानकी, बँकेत जानकी, मतदार यादीत जानकी. पण दोन गल्ल्या ओलांडून आलेल्या मुलीचं नाव वस्ती कशाला बदलेल? ती माधुरीच राहिली. बालवाडी सुरू झाली तेव्हा माधुरीताई झाली. सासूसुद्धा दोन महिन्यांत "गो माधुरी" म्हणायला लागली. जानकी ही बाई फक्त कागदावर होती.

उमेदवारी अर्ज भरताना समोरच्या कारकुनाने मान वर करून विचारलं होतं, "लोक दुसऱ्या नावाने ओळखतात का? मतदान यंत्रावर तसं हवं असेल तर आत्ताच लेखी द्या."

प्रश्न त्याने चंद्रप्रकाशला विचारला होता.

"नको," चंद्रप्रकाश म्हणाला. "वडिलांनी ठेवलेलं नाव आहे. तेच असू द्या."

माधुरी शेजारी प्लास्टिकची फाइल धरून उभी होती. मुलं त्या दिवशी शेजारच्या सोनूबाईंच्या ताब्यात होती आणि सोनूबाईंना गुडघ्यामुळे मुलांमागे पळता येत नव्हतं, तिच्या डोक्यात ते चाललं होतं.

चिन्ह मिळालं पाटी. सगळे खूश झाले. बालवाडीच्या बाईला पाटी! किरण म्हणाला, "झकास वहिनी, देवानेच दिलं!" अंतिम यादी लागली तेव्हा ती वाचायलाही तोच पुढे होता. वाचता वाचता त्याचा आवाज उतरला.

"वाट लागली."

"काय झालं?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"माधुरी रतन खेडेकर. अपक्ष. चिन्ह फळा."

पिंपळवाडीत मत माधुरीताईला, एवढंच बोललं जातंय, हे माजी नगरसेवकांच्या कार्यालयात पोचायला वेळ लागला नव्हता. त्यांनी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाची एक माधुरी शोधून काढली, असं किरणचं म्हणणं. त्याला पुरावा नव्हता आणि लागतही नव्हता. नियमात यात काहीच चूक नाही. माधुरी नावाच्या कोणत्याही बाईला निवडणूक लढवता येते. चंद्रप्रकाश निवडणूक कार्यालयात जाऊन आला. नाव बदलण्याची मुदत संपली होती.

पत्रकं आधीच छापून आली होती. त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत "माधुरीताई" होतं आणि बारीक अक्षरांत खाली बाकीचं. रात्री बसून त्यांनी पत्रकांवर पट्ट्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवसापासून माधुरी घरोघर जाऊन आपलं नाव माधुरी नाही असं सांगू लागली.

"जानकी. माझं नाव यंत्रावर जानकी आहे. जानकी घाडीगावकर. पाटी."

"अगं, तुझं नाव तू आम्हाला शिकवतेस होय?" बायका हसायच्या. "तुझं शेंबडं नाक बघितलंय आम्ही."

"मावशी, माधुरी नाव दिसेल, ते दाबू नका. ती दुसरी आहे."

"म्हणजे माधुरीला मत द्यायचं नाही?"

"माधुरीला नाही. मला."

"बरं बाई. तुलाच देणार. चहा घे."

चौथ्या-पाचव्या दिवशी तिला एक गोष्ट जाणवली. वाक्य तोंडातून आपोआप येत होतं आणि तिला ते ऐकू येत नव्हतं. एका दारात तिने "मी जानकी" म्हटलं आणि आतून एका मुलीने आईला हाक मारली, "आई, कोणी जानकी आल्यात." तिची विद्यार्थिनी होती ती, आता दहावीत. तिने बाहेर येऊन बघितलं आणि जीभ चावली. "अय्या, माधुरीताई, तुम्ही!"

प्रचाराच्या गाडीवर किरण ओरडत होता: माधुरी नव्हे, जानकी, फळा नव्हे, पाटी. समोरून दुसरी गाडी यायची. तिच्यावर माणूस नसायचा, फक्त टेप. आपली लाडकी माधुरी, फळ्यापुढचं बटण दाबा. पोरांना दोन्ही पाठ झालं होतं. बालवाडीत ती दोन्ही एकदमच म्हणत.

मतदानाच्या दिवशी दुपारी सोनूबाई शाळेतल्या केंद्रावरून काठी टेकत आल्या. बोटावर शाई. चेहरा उजळलेला.

"गो, काम केलंय तुजा," त्या म्हणाल्या. "कितीजण म्हणी होते, चूक करू नको म्हातारे. माका काय वाचूक येत नाय? माधुरी बघलंय, फळो बघलंय आणि दाबलंय बटन. आवाज इलो तोपर्यंत बोट काढूक नाय."

माधुरीने पेला भरला. सोनूबाई वाट बघत होत्या.

"बरं झालं, मावशी," ती म्हणाली. "पाणी घ्या."

त्यानंतर संध्याकाळपर्यंत जो भेटला त्याला तिने काही विचारलं नाही. चंद्रप्रकाश वहीत घरांवर खुणा करत होता, हे आपले, हे आपले. त्याने रात्री आकडा सांगितला, तेराशे. तिने भात वाढला.

मोजणीच्या दिवशी उमेदवारांसाठी खुर्च्यांची एक रांग होती. माजी नगरसेवकांच्या जागी उभ्या राहिलेल्या त्यांच्या पत्नी, मानसी वहिनी, पहिल्या खुर्चीवर नवऱ्याच्या शेजारी. रांगेच्या शेवटी माधुरीच्या बाजूला एक बाई येऊन बसली, पस्तिशीची, अंगावर नवी साडी, घडीच्या रेषा अजून दिसत होत्या. गळ्यात उमेदवाराचं ओळखपत्र. माधुरीने ते वाचलं.

थोड्या वेळाने ती बाई वाकून हळूच म्हणाली, "ताई, इथे बाथरूम कुठे आहे?"

"जिन्याखाली. कडी लागत नाही, पर्स अडकवा दाराला."

बाई जाऊन आली. मग म्हणाली, "तुम्ही कोणाकडून?"

"उपनगर हक्क पक्ष. तुम्ही?"

"मला नाही माहीत," खेडेकरबाई म्हणाल्या. "म्हणजे अपक्ष. ह्यांच्या ओळखीतले एक आले होते, सह्या घेतल्या. म्हणाले घरीच बसा. आज पण कशाला बोलावलं कळत नाही. मुलगा तापाने झोपलाय." त्यांनी घड्याळ पाहिलं. "लवकर संपतं का हे?"

"दुपारपर्यंत."

"मतं वगैरे पडतात का हो आपल्यासारख्यांना?"

तेवढ्यात फेरीचा आकडा सांगायला सुरुवात झाली.

शेवटी मानसी वहिनी आठशेच्या आसपास फरकाने निवडून आल्या. माधुरी रतन खेडेकर, अकराशे छत्तीस. जानकी चंद्रप्रकाश घाडीगावकर, चारशे बारा. अकराशे छत्तीस ऐकल्यावर खेडेकरबाईंनी आजूबाजूला पाहिलं, जणू कोणीतरी त्यांची थट्टा करत होतं. बाहेर गुलाल उडायला लागला तेव्हा त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि रिक्षा शोधायला गेल्या.

घरी येताना चंद्रप्रकाश स्टेशनच्या पुलापर्यंत दोन पावलं पुढे चालत राहिला. मग थांबला.

"त्या दिवशी कारकुनाने विचारलं तेव्हा तू बोलली का नाहीस?"

ती चालत राहिली.

"जानकी, मी तुला विचारतोय."

"त्याने तुला विचारलं होतं. माधुरीने नुसतं ऐकलं," ती म्हणाली.

त्याला ते कळलं की नाही हे तिला समजलं नाही आणि तिने वळून बघितलंही नाही. आपल्याला राग यायला हवा, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण आला नाही. घरी गेल्यावर तिने दिवा लावला, कुकर लावला, वाटाणे भिजत घातले.

शनिवारी ती एकटीच नव्या नगरसेविकेच्या कार्यालयात गेली. मानसी वहिनी सत्कारात होत्या. टेबलामागे त्यांचे यजमान बसले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पेढा दिला.

"साहेब, खोलीचं काय?"

"वहिनी, तुमचा मान आहेच. माझी दोन्ही पोरं तुमच्याकडेच शिकली." ते मनापासून बोलत होते असं तिला वाटलं. "पण चारशे मतांवर खोली मागायची म्हणजे... वस्तीतल्या पोरांना मी व्यायामशाळेचा शब्द दिलाय ना. साहित्य टेम्पोत पडून आहे. सोमवारी दुपारी येईल."

"अकराशे त्या..." ती म्हणाली आणि थांबली.

"त्या खेडेकरबाई? हो, कमालच झाली त्यांची." ते हसले नाहीत. पेढ्यांचं ताट पुढच्या माणसाकडे सरकवलं.

बाहेर बुद्धविहाराचे अंबादास उभे होते, विहाराच्या पाण्याच्या जोडणीचा कागद घेऊन. त्यांनी तिचा चेहरा पाहून विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी जरा विचार केला.

"पडवी आहे," ते म्हणाले. "समितीला विचारावं लागेल. नळ नाही. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत."

"चालेल."

"आणि मत? मी पाटीलाच दिलं हां, माधुरीताई. नीट बघून."

"हो," ती म्हणाली. चारशे बारामधला हा पहिलाच तिला भेटला होता.

समितीने रविवारी हो म्हटलं, तीन महिन्यांसाठी.

सोमवारी साडेआठपर्यंत खोलीतले तक्ते, सतरंज्या, पाण्याचं पिंप आणि खेळण्यांची दोन पोती दाराबाहेर आली होती. किरणने रिक्षाच्या दोन फेऱ्या केल्या. त्या दिवशी बालवाडीला सुट्टी होती. सोनूबाई दाराशी येऊन बसल्या होत्या, काठी मांडीवर.

"गो, मग माझ्या मताचा काय झाला?" त्यांनी विचारलं. "हरलीस तरी कशी तू?"

"थोडी कमी पडली, मावशी."

"लोक खोटारडे," सोनूबाई म्हणाल्या. "तोंडार एक नि बटनार एक."

माधुरीने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली चौकात टपरीवर थांबलेल्या कार्यकर्त्याच्या हातात दिली. त्याने ती मोबाइलवर बोलता बोलताच घेतली आणि मानेने ठीक आहे म्हटलं.

मग ती गल्लीगल्लीतून निरोप देत गेली. उद्या मंगळवारी बालवाडी विहाराच्या पडवीत साडेआठला भरेल आणि साडेदहाला सुटेल. अकरा वाजता तिथे शिवणवर्ग असतो.