मी न मारलेला कैदी

आमच्या गावात माझ्याविषयी एक गोष्ट सांगतात. एकाहत्तरच्या लढाईत आबांनी शत्रूचा एक शिपाई पट्ट्यानं झोडपून बोलता केला आणि पलटणीची माणसं वाचवली. ही गोष्ट मीच पसरू दिली. मराठवाडा मुक्तिदिनाला शाळेत झेंडावंदन झालं की गुरुजी मला उभं करायचे, आणि पट्टा कसा उगारला ते मी हात उचलून दाखवायचो. पोरं टाळ्या वाजवायची.

खरं वेगळं आहे. ते सांगायला म्हातारपण यावं लागलं. पण आज ते लिहिताना मान खाली घालावी असं मला वाटत नाही.

कैदी सापडला होता, हे खरं. आमच्या तुकडीत बहुतेक सातारा-कोल्हापूरकडचे. त्यांना त्याचं बोलणं नीट समजेना. मी परभणीकडचा, आमच्या गल्लीत निम्मी घरं दखनी बोलणारी, त्यामुळं उर्दू मला कळायची. सुभेदारसाहेब म्हणाले, "तुला त्याची भाषा येते, तू विचार. सुरुंग कुठं पेरलेत एवढंच हवंय. वाटेल तसं विचार." रिकाम्या पेटीवर पट्टा ठेवून ते तंबूबाहेर गेले.

कैदी माझ्याच वयाचा होता. हात मागं बांधलेले, ओठ फुटलेला. मी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. माझा जोडीदार तंबूच्या तोंडाशी उभा होता. आम्ही दोघं एका ताटात जेवायचो. तो म्हणाला, "अरे, त्याची सोयरीक जमवायला बसलायस का? हाण की!"

मी पट्टा उचलला. इथपर्यंत शाळेत सांगितलेलं सगळं खरं आहे.

हात वर गेला आणि मला वडील आठवले. रझाकारांच्या काळात आमच्या गावातून कुणीतरी लपलेल्या माणसांना भाकरी पुरवायचं. त्याचा सुगावा लागला आणि निजामाच्या शिपायांनी वडिलांना चावडीत बांधून मारलं. वडिलांना काहीच माहीत नव्हतं. मार थांबावा म्हणून त्यांनी शेजाऱ्याचं नाव घेतलं. त्यालाही काही माहीत नव्हतं. तो चावडीतून घरी आला तो लंगडत, आणि जन्मभर लंगडतच राहिला. पुढं दर पोळ्याला वडील सजवलेली बैलजोडी आधी त्याच्या दारात न्यायचे. आई आमच्या उंबऱ्यात ओवाळायचं ताट धरून ताटकळायची, पण बैलांनी पहिली पुरणपोळी त्या दारातच खायची. लहानपणी मी कारण विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "मार खाणाऱ्याला खरं-खोटं कळत न्हाई रे. मारणारा कधी थांबतो, तेवढंच कळतं."

मी पट्टा खाली ठेवला. कैद्याला पाणी पिता यावं म्हणून त्याचे हात पुढं बांधले. मग पुन्हा विचारलं, पुष्कळ वेळ विचारत राहिलो. त्यानं आपलं नाव सांगितलं, तो गावाविषयी बोलला, घरच्या गव्हाविषयी बोलला. सुरुंगांविषयी एक अक्षर बोलला नाही. जोडीदार पट्टा घ्यायला पुढं आला तेव्हा मी मधे उभा राहिलो. सुभेदारसाहेब परत आले, तेव्हाही मधेच उभा होतो. म्हणालो, "साहेब, मी मारणार नाही. आणि इथं कुणाला मारू देणार नाही." त्यांनी पट्टा उचलून कमरेला बांधला. मग कैद्याला मागच्या ठाण्यावर पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेताच्या बांधावर माझ्या जोडीदाराचा पाय सुरुंगावर पडला. पाय गेला. इस्पितळात भेटायला गेलो तर तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. निघताना म्हणाला, "एक पट्टा तरी मारायचा होतास."

मारलं असतं तर कैदी खरं बोलला असता, की खोटं सांगून आम्हा सगळ्यांनाच त्या शेतात घातलं असतं, मला माहीत नाही. सुट्टीवर आलो तेव्हा ताडकळसच्या बाजारात लोकांनी घेरलं. "कैदी धरला म्हणं? बोलता केला का न्हाई?" मी म्हणालो, "केला." खरं सांगितलं असतं तर पायाचंही सांगावं लागलं असतं.

अलीकडे सीमेवर पुन्हा वातावरण तापलं आणि आमच्या भावकीतल्या एका जवानाची सुट्टी रद्द झाली. त्याला सोडायला निम्मं गाव पिंगळीच्या स्टेशनावर आलं होतं. हार झाले, गुलाल झाला. तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आबा, तुमची गोष्ट ऐकूनच भरती झालो. उद्या एखादा हाती लागला तर बोलता कसा करायचा, तेवढं सांगा."

"द्या आबा, गुरुमंत्र द्या!" लोक हसले.

तो हसत नव्हता. मी सांगेन ते तो करणार होता. माझी थाप आता कुणातरी बांधलेल्या माणसापर्यंत जाणार, हे मला दिसलं.

"म्या त्याला मारलं न्हाई," मी म्हणालो. "एकबी पट्टा न्हाई."

"आबा, मजाक करायलात का?" सरपंच म्हणाले.

"मजाक इतकी वर्षं केली. आता खरं सांगायलोय."

मग पायाचंही सांगितलं. गुलालाचं ताट कुणीतरी खाली ठेवलं. मागून आवाज आला, "म्हंजी आबामुळंच त्याचा पाय गेला की!"

जवानानं विचारलं, "मग आबा, त्या पायाचं काय?"

"त्यो माझ्या माथ्यावर हाय, मरंस्तोवर ऱ्हाईल. पर बांधलेल्या माणसावर म्या हात टाकला न्हाई, ही बी माझीच कमाई हाय. दोन्ही संगं घेऊन जा."

गाडी आली. तो पिशवी उचलून चढला. परतताना जीपमध्ये लोक माझ्यापासून सरकून बसले. मी ताठ बसून आलो. बाजारात "केला" म्हटल्यापासून असं बसणं मला जमलं नव्हतं.

पुढं काही दिवसांनी त्याचा फोन आला. थंडी लय हाय म्हणाला, आईच्या गोळ्यांचं विचारलं. मग म्हणाला, "आबा, त्या कैद्याचं नाव काय व्हतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यानं ते एकदा स्वतः म्हणून बघितलं.