बंद तारेतली वीज

आजही घरातली लाईट गेली की मला ती घटना आठवते, आणि खरं सांगतो, भीती वाटते. नोकरीत मी कोयते पाहिले, दगड घेतलेले जमाव पाहिले. पण कोयता दिसतो तरी. तारेतली वीज दिसत नाही.

तेव्हा मी शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एप्रिल महिना होता. भर दुपारी वावटळ सुटली, सागाची फांदी पडली आणि एका गावाबाहेर विजेची तार तुटली. त्या तारेच्या टोकाला एकटी एक पोल्ट्री. वायरमन खांबावर चढला, पोल्ट्रीकडची तार त्याने धरली आणि तो वरच चिकटला. खाली उतरवला तेव्हा संपलेला होता.

ठाणे अंमलदाराने अपमृत्यूची नोंद केली. तासाभरात सबस्टेशनचा ऑपरेटर धापा टाकत ठाण्यात शिरला. मागून गाव येत होतं. लाईन यानेच मधे चालू केली, असं लोकांचं म्हणणं.

"साहेब, मला आत टाका, पण बाहेर सोडू नका," तो म्हणाला. "मी खांबावर चढायचं परमिट दिलं होतं. लाईन बंदच होती. वहीत वेळ लिहिलीय."

वही मी पाहिली. पण वही मागाहूनही लिहिता येते, हे पोलिसाला शिकवावं लागत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा याच्यावरच, असं मी मनाशी पक्कं केलं. तुटलेली तार संध्याकाळी तात्पुरती जोडली होती. दुसऱ्या दिवशी पक्कं काम करायला मेलेल्या वायरमनचा जोडीदार निघाला. त्याच्या तोंडावर रक्त नव्हतं. मी त्याला म्हणालो, "ऑपरेटर माझ्याकडे बसलाय. ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज तू स्वतःच्या हाताने काढ आणि बिनधास्त चढ." साहेबी शहाणपण, दुसरं काय!

तो गेल्यावर एक म्हातारी आली. तिची झोपडी पोल्ट्रीच्या कुंपणाला लागून. हवालदाराला बाहेर पाठवला तेव्हाच तिने तोंड उघडलं.

"माजं नाव नको घेऊ, सायबा. त्यांच्याच विहिरीचं पानी पितो आमी. काल सगल्या गावाची लाईट गेलती. पोल्ट्रीतलं पंखे फिरत व्हते."

पोल्ट्रीच्या पत्र्यावर सोलर होतं, हे मला माहीत होतं. मी वीज कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याने समजावलं: त्यांना नेट मीटर आहे. दिवसा जास्तीची वीज त्याच तारेने बाहेर जाते, गरज पडली की बाहेरून आत येते, मीटर दोन्हीकडचं मोजतो. पण बाहेरची लाईट गेली की ते सोलर आपोआप बंद पडतं, कारण तारेवर माणूस असू शकतो. मग पंखे कशावर फिरले? "जनरेटर असेल," तो म्हणाला.

मी जीप काढली. पोल्ट्रीचा मालक पन्नाशीचा, साधा शेतकरी माणूस. मी खुर्चीत टेकायच्या आत म्हणाला, "जनरेटर हाय ना आपला, साहेब." प्रश्नाच्या आधी येणारं उत्तर मला नेहमीच खटकतं. जनरेटर पाहिला. सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलेलं, चांगलं मुठीएवढं.

"हा काल चालला?"

त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. शेडमध्ये पिल्लांचा कलकलाट, डोक्यावर पंखे. तेवढ्यात पंखे क्षणभर मंदावले आणि पुन्हा गरगरू लागले. रस्त्यावरून वायरमनची हाक आली, "फ्यूज काढला! चढतो!"

मालकाने पंख्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बोर्डाकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब... मेन स्विच चालू हाय. त्याला उतरवा!"

मी कसा धावलो ते मला आठवत नाही. वायरमन वर पोहोचला होता. बोटं आणि तार यांच्यात वीतभर अंतर असेल. "हात मागे घे!" मी ओरडलो. तो थिजला. आत मालकाची बायको चहाचं भांडं टाकून धावली आणि तिने मेन पाडला. मी खांबाखाली मातीतच बसलो.

मग सगळं बाहेर आलं. तालुक्याच्या गावातल्या एका इलेक्ट्रिशियनने बॅटरीचा इन्व्हर्टर अशा रीतीने जोडून दिला होता की सोलरला वाटावं, बाहेरची लाईट चालूच आहे. अट एकच, लाईट गेली की आधी मेन पाडून पोल्ट्री बाहेरच्या तारेपासून तोडायची. नाही पाडला तर वीज उलटी तारेत.

"आमी त्यांना दिवसभर लाईट देतो, साहेब," मालक म्हणाला. "मग त्यांची गेली तर आमची का जावी? उन्हात पंखा थांबला तर पिल्लं माना टाकतात." तो खोटं बोलत नव्हता. आपण दिलं ते आपलंच राहतं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

पुढे विद्युत निरीक्षकांनी मीटर तपासला. गावातल्या सगळ्या मीटरांत त्या दुपारी वीज गेल्याची नोंद होती, पोल्ट्रीच्या मीटरला मात्र ती गेल्याचं कळलंच नव्हतं. मालक आणि इलेक्ट्रिशियन यांच्यावर गुन्हा दाखल झाला. ऑपरेटरला मी स्वतः घरी सोडलं आणि त्याची माफी मागितली.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. तोवर मी हाताखालच्या माणसांना फक्त हुकूम देत आलो होतो, "हे कर, ते करू नकोस." का, ते सांगायला मला कधी वेळ नव्हता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कारण सांगितल्याशिवाय मी हुकूम दिला नाही.

ते मी मालकाच्या बायकोकडून शिकलो. लाईट गेली की मेन पाडायचं काम तिचं होतं आणि वर्षभर ती कधी चुकली नव्हती. फक्त वायरमन गेला त्या दिवशी ती आसनगावला लेकीकडे गेली होती. जबाब लिहून झाला, तरी ती उठेना.

"मना वाटायचं, मेन नाय पाडला तर आपली मशीन जळंल," ती म्हणाली. "तारंवर मानूस असतो, ह्ये मना कोनी सांगितलंच नाय, साहेब. सांगितलं असतं तर मी आसनगावला गेलेच नसते."