नवसाची कुत्री

अझुसेनाबाई पोतोस्मे माझ्या भिंतीपलीकडे राहते. सुती दोऱ्याचे झुले विणते. नवरा कधीच गेला आणि मुलगा यादेर कोस्टा रिकात बांधकामावर. आधी दर रविवारी फोन करायचा, मग फक्त नाताळला. घरात ती आणि तिची तपकिरी कुत्री पिनोल.

इथं निकाराग्वात, आमच्या मोनिंबोत, कुत्र्यांचा कैवारी असलेल्या संत लाझारोच्या सणाला कुत्र्यांना कपडे घालून चर्चमध्ये नेतात. कुणी कुत्र्याला नवरदेव करतं, कुणी नर्स. यादेर गेला त्या साली अझुसेनाबाईनं नवस केला, पोरगं परत येईपर्यंत दर वर्षी पिनोलला घेऊन येईन. नवसाचं जनावर अव्यंग असावं, त्याचा कुठला अवयव काढलेला नसावा, असं तिच्या आईनं सांगितलेलं. म्हणून कुत्रीचं ऑपरेशन तिनं कधी करू दिलं नाही.

पण पिनोल माजावर आली की दाराशी कुत्र्यांची झुंबड. समोरची रेयना ओरडायची, "अगं अझुसेना, तुझ्या दारात वरात आलीय! मुलीचं लग्न तरी लावून टाक!" शिवाय सणाच्या रांगेत माजावरची कुत्री नेली तर सगळा गोंधळच. मग ती गुरांच्या औषधांच्या दुकानातून इंजेक्शन आणायची आणि दुकानवाला डोन नार्सिसो तिथंच टोचून द्यायचा. माज यायचा नाही, पिल्लं नाहीत, कुत्री अव्यंग. तिला वाटायचं, किती सौम्य उपाय. वर्षानुवर्षं तेच चाललं.

यंदा सणाच्या थोडं आधी पिनोल सारखं पाणी प्यायला लागली. खाणं सोडलं. पोट टम्म. टोचायच्या जागेवरचे केस तर कधीच गेलेले. आम्ही दोघींनी तिला पोत्याच्या झोळीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबेयदा नाव त्यांचं.

आम्ही इंजेक्शनांचं सांगितलं. त्यांनी पोट चाचपलं, मग स्तनांवरून हात फिरवला. "इथं गाठी आहेत. कधीपासून?"

"मला वाटलं, चरबी असेल."

"अझुसेनाबाई, त्या इंजेक्शनात कृत्रिम संप्रेरक असतं. शरीराची समजूत होते की पोटात पिल्लं आहेत. गर्भपिशवीचं अस्तर जाड होत जातं, आणि मग आत पू साचतो. स्तनातल्या गाठींनाही त्यानंच जोर येतो. पिशवी आजच काढायला हवी. नाहीतर ही जगायची नाही."

अझुसेनाबाई म्हणाली, "ही नवसाची आहे हो. कापलेली चालत नाही."

"कुणाला चालत नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. चिडून नाही, खरंच माहीत नसल्यासारखं.

ती मला म्हणाली, "तू हिच्याजवळ बस," आणि उठून गेली. पिनोलचं डोकं मी मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलेलं. मी मनात 'हे मरिये'ची प्रार्थना म्हणत राहिले. दुसरं काय करणार?

ती परत आली तेव्हा कपाळावर घाम होता. चर्चमध्ये जाऊन आली होती. "सांगितलं संताला," म्हणाली, "शब्द मोडतेय म्हणून. रागवायचं तर माझ्यावर रागव, तिकडं पोराला काही करू नकोस." मग डॉक्टरीणबाईंकडे वळली. "कापा."

गर्भपिशवी निघाली ती पुवानं फुगलेली, माझ्या मनगटाएवढी जाड. एक गाठही काढली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, गाठ पुन्हा येऊ शकते, लक्ष ठेवा. पिनोल जगली.

सणाच्या दिवशी सगळी गल्ली कुत्री सजवून निघाली. रेयनाच्या कुत्र्याला टोपी. जाता जाता ती थांबली, "काय गं, यंदा नाही?"

"टाके आहेत."

"मग टाक्यांवरून फ्रॉक घाल! संत काय उचकून बघणार आहे?"

अझुसेनाबाई हसली नाही. रेयनालाही कळलं असावं. मक्याच्या पिठात मांस भरून केळीच्या पानात उकडलेला हातातला नाकातामाल तिच्या उंबऱ्यावर ठेवून ती गेली.

दुपारी मी डोकावले. बँडबाजाचा आवाज चौकातून येत होता. बाई जमिनीवर बसलेली, शेजारी पिनोल. फोन मांडीवर नव्हता, की झुल्यावरही नव्हता. नेहमी हाताशी असायचा.

"कुठं गेला फोन?"

"कपाटात ठेवला. नवस होता तोवर वाट बघायला काही कारण होतं गं. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. आता नुसतीच वाट. ती मला जमत नाही."

मी तिच्याशेजारी टेकले. तिनं नाकातामाल सोडला, आतलं मांस बोटानं कुस्करलं आणि पिनोलच्या तोंडाशी धरलं. पिनोलनं आधी नुसता वास घेतला. मग हळूहळू खाल्लं.